गव्याचा पो आणि चार घड्याळं

चांदोलीतल्या सड्यावर सकाळी सातच्या सुमाराला गव्याचा ताजा पो पडलेला असतो. वाफ निघत असते, वर ओला चकाकता पापुद्रा असतो, शेणकिडे नुकते घोंघावायला लागलेले असतात. त्यातला वाटाण्याएवढा गोळा उचलून आतल्या जिवाणूंची यादी काढली तर शेकड्यांनी प्रकार निघतात. ही यादी मे महिन्यात एक निघते, ऑगस्टमध्ये दुसरी. मग अहवालात ठरलेलं वाक्य येतं: ऋतू बदलला, चारा बदलला, त्यामुळे आतड्यातले जिवाणू बदलले.

वाक्य खरं असू शकतं, पण दोन याद्यांवरून ते लिहिता येत नाही. त्या पोमध्ये एकाच वेळी चार घड्याळं चालू असतात. एक दिवसाचं, दुसरं हंगामाचं, तिसरं जनावराच्या वयाचं. चौथं शेण जमिनीवर पडल्या क्षणी सुरू होतं आणि नमुना नळीत बंद होईपर्यंत थांबत नाही. पहिल्या तिघांवर शोधनिबंध निघतात, चौथं गुपचूप त्यांचे आकडे बिघडवतं. साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजांतून या विषयावर प्रकल्प करायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय, म्हणून चौथ्यावर जरा जास्तच रेंगाळलोय.

शेण म्हणजे कोठीपोट नव्हे

गवा रवंथ करणारा. गाईसारखंच त्याचं पोट चार कप्प्यांचं, आणि गवतातला सेल्युलोज फुटतो तो मुख्यतः कोठीपोटात, म्हणजे पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात. तिथे तापमान ३९ अंशांच्या आसपास, पीएच ६ ते ७, ऑक्सिजन जवळजवळ नाही, आणि एका मिलिलिटर द्रवात सुमारे दहा अब्ज जिवाणू. जोडीला प्रोटोझोआ, बुरशी आणि मिथेन तयार करणारे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव). पण यातले बहुतेक पुढच्या कप्प्यातल्या आम्लात मरतात आणि लहान आतड्यात पचून जातात. रवंथ करणाऱ्या जनावराला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त या मेलेल्या सूक्ष्मजीवांतून येतात. म्हणजे गवा खातो गवत, पण पोसला जातो बराचसा जिवाणूंवर.

शेणात दिसतात ते प्रामुख्याने मोठ्या आतड्यातले जिवाणू. त्यामुळे शेणाच्या नमुन्यांवर काम करून ‘कोठीपोटातील बदल’ असं शीर्षक देणं चूकच. ‘शेणातील जिवाणू’ एवढंच म्हणावं. दुसरी गोष्ट, खाल्लेला चारा शेणात उतरायला गुरांमध्ये साधारण दोन ते तीन दिवस लागतात. आजचा पो परवाच्या चरण्याचा हिशेब देतो. नमुन्याच्या दिवशी गवे कुठे चरत होते याची नोंद बहुतेक जण ठेवतात. त्याआधीच्या तीन दिवसांची नोंद मात्र क्वचितच सापडते, आणि उपयोग तिचाच जास्त.

हंगामाचं घड्याळ

या कामाला सातारा जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माणला चारपाचशे. सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरच्या आत. एकाच महिन्यात एकीकडे शेवाळलेलं जंगल आणि दुसरीकडे करपलेलं माळरान.

चाऱ्यात नेमकं काय बदलतं ते आधी बघू. जून-जुलैच्या कोवळ्या गवतात पाणी भरपूर, प्रथिनं भरपूर, लिग्निन (काष्ठ बनवणारा, न पचणारा पदार्थ) कमी. नोव्हेंबरात कुसळी, पवन्या, मारवेल पिवळे पडायला लागतात. उन्हाळ्यापर्यंत वाळक्या गवतातली प्रथिनं इतकी घटतात की अडचण जनावराआधी जिवाणूंना होते. कच्च्या प्रथिनांचं प्रमाण सात टक्क्यांच्या खाली गेलं की तंतू फोडणाऱ्या जिवाणूंनाच नायट्रोजन पुरत नाही आणि पचन मंदावतं. यावर रवंथ करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. लघवीतून जायचा युरिया लाळेवाटे आणि कोठीपोटाच्या भिंतीतून परत आत सोडायचा, आणि जिवाणूंनी त्याचा नायट्रोजन वापरायचा. उन्हाळ्यात हे फेरवापराचं प्रमाण वाढतं. अमेरिकेतल्या पट्टेरी भूखारींमध्ये हिवाळी झोपेत आतड्यातले जिवाणू युरियाचा नायट्रोजन असाच परत मिळवून देतात आणि त्यामुळे उपाशीपोटी स्नायू टिकतात, हे २०२२ मध्ये दाखवलं गेलं. तिथे बर्फ, इथे उन्हाळा. गरज तीच.

गवत निकस झालं की गवा पाला, साल, बांबूचे कोंब यांकडे जास्त वळतो. पाल्यासालीत टॅनिन असतं. ते प्रथिनांना बांधून ठेवतं आणि कित्येक जिवाणूंना चालत नाही. मग टॅनिन सोसणारे, ते फोडणारे प्रकार वर येतात. ऑस्ट्रेलियातल्या कोआलाच्या विष्ठेतून असाच एक जिवाणू वेगळा काढला होता, स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस. त्याच्या नावातच गॅलेट फोडणारा असा अर्थ आहे.

इथे एक स्थानिक खोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागून गेलेल्या उतारावर पंधरा दिवसांत हिरवे फुटवे येतात आणि गवे तिथे उतरतात. त्या कळपाचा मार्चचा नमुना पावसाळ्याच्या नमुन्याजवळ जाऊन बसू शकतो. कॅलेंडरवरून हंगाम ठरवणाऱ्याला याचा उलगडा होणार नाही. ‘उन्हाळा’ असा रकाना भरण्यापेक्षा त्या जागचं गवत हिरवं किती, वाळकं किती, पाला खाल्ल्याच्या खुणा आहेत का, हे लिहिणं शंभर पटींनी बरं. शक्य असेल तर त्याच शेणातले वनस्पतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघावेत. गवताची आणि पाल्याची बाह्यत्वचा सरावाने ओळखता येते. गवताच्या पेशी लांबट, रांगेत लावलेल्या, आणि पर्णरंध्रं डंबेलच्या आकाराची असतात. याला सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) लागत नाही, जीवशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत होतं.

गवा सोडून दुसरं जनावर घ्यायचं तर अस्वल फार चांगलं. स्वीडनमधल्या तपकिरी अस्वलांचे उन्हाळ्यातले आणि हिवाळी झोपेतले जिवाणू वेगळे असतात हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. उन्हाळ्यातले जिवाणू जंतुविरहित उंदरांमध्ये घातले तर उंदरांची चरबी वाढली, पण साखरेचा तोल ढळला नाही. कोयनेचं अस्वल असं झोपत नाही. त्याचं वर्ष फळं आणि वाळवी यांत वाटलेलं: उन्हाळ्यात करवंद, जांभूळ, उंबर, बहाव्याच्या शेंगा, आणि एरवी वारुळं. एकीकडे साखर, दुसरीकडे किड्यांच्या कवचातलं कायटिन. झोपेचा गोंधळ न घालता फक्त आहाराचा परिणाम बघायचा तर यापेक्षा सोयीचं जनावर नाही. युरोपातल्या रानउंदरांत आहार कीटकांवरून बियांवर गेला तसा लॅक्टोबॅसिलस घटून ॲलिस्टिपीस वाढलेला दिसला होता.

दिवसाचं घड्याळ

याकडे दुर्लक्ष होतं कारण ते फारच साधं वाटतं. कालाहारीतल्या मीरकॅटांचे दोन दशकांहून अधिक काळ जमवलेले हजारावर नमुने तपासले, तेव्हा सकाळ आणि संध्याकाळ यांतला फरक ऋतूंमधल्या आणि वयांमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला. सकाळी क्लॉस्ट्रिडियम जोरात आणि एकूण जिवाणूही जास्त, दिवस चढेल तसं दोन्ही उतरतं. २०२१ चं काम आहे हे.

आता आपल्याकडची सवय बघा. उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत म्हणून सकाळी सहाला निघायचं. पावसाळ्यात धुकं आणि जळवा, म्हणून दहा-अकराला. झाला ‘ऋतूचा’ फरक तयार! नमुन्यांची एकच वेळ ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ सूर्योदयानंतरचे पहिले तीन तास, आणि बाराही महिने तीच पाळावी. रवंथ करणाऱ्यांचं पोट मीरकॅटासारखं रोज रिकामं-भरलेलं होत नाही, त्यामुळे गव्यात हा फरक कमी असावा. पण तसं गृहीत धरून चालू नये.

वयाचं घड्याळ

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात थोडा ऑक्सिजन असतो. पहिल्या दिवसांत एश्चेरिशिया कोलायसारखे दोन्हीकडे जमवून घेणारे जिवाणू येतात, तो ऑक्सिजन संपवतात आणि पाठीमागून येणाऱ्या विनाऑक्सिजनवाल्यांना जागा करून देतात. मग चीक आणि दुधावर लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम. दूध पिताना अन्ननलिकेतली एक घडी मिटते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून सरळ चौथ्या कप्प्यात जातं. तरीही तंतू फोडणारे जिवाणू पहिल्या आठवड्यातच कोठीपोटात पोचलेले असतात, म्हणजे गवताचं पातं तोंडात जायच्या कितीतरी आधी. कोकरांवरच्या जुन्या प्रयोगांत हे दिसलंय. ते येतात आईच्या चाटण्यातून, लाळेतून, माती आणि शेण हुंगण्यातून. लव असलेल्या प्रोटोझोआंना तर मोठ्या जनावराचा जवळून संपर्कच लागतो. वासरू वेगळं वाढवलं तर ते येतच नाहीत.

मोठेपणीही घड्याळ थांबत नाही. केनियातल्या अंबोसेलीच्या बबूनांवर १९७१ पासून अभ्यास चालू आहे. तिथल्या १४ वर्षांच्या, सुमारे ६०० बबूनांच्या १७ हजारांवर नमुन्यांतून एक गोष्ट पुढे आली आणि ती आपल्या दृष्टीने मोलाची आहे. एकाच टोळीत राहणारे, तेच खाणारे, त्याच पाणवठ्यावरचे बबूनसुद्धा जिवाणूंच्या बाबतीत बऱ्याच अंशी आपापल्या वाटेने बदलतात. टोळी आणि पाऊस यांमुळे थोडी सांगड दिसते, पण ती ढिली. याच नमुन्यांवरून जनावराचं वयही बऱ्यापैकी ताडता आलं, आणि टोळीत वरच्या मानाचे नर जिवाणूंच्या हिशेबाने खऱ्या वयापेक्षा म्हातारे निघाले.

याचा अर्थ सरळ आहे. मे महिन्यात एका गव्याचा आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याच गव्याचा नमुना घेतला, तर जो फरक दिसेल त्यात ऋतू किती आणि गवा किती हे कुणालाच सांगता येणार नाही. जनावर ओळखता यायला हवं. शिंगाची मोड, कानाची चीर, अंगावरचा व्रण यांवरून कळपातली थोडी ओळखता येतात. नाहीतर शेणातून जनावराचाच डीएनए काढून मायक्रोसॅटेलाइटवर (जनावरागणिक लांबी बदलणाऱ्या डीएनएच्या पुनरावृत्त तुकड्यांवर) ओळख पटवायची. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची लाकोन्स प्रयोगशाळा वन्यजीवांच्या अशा कामासाठी प्रसिद्ध आहे. यासाठीचा नमुना मात्र वेगळा घ्यावा लागतो: आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोच्या बाहेरच्या चकाकत्या थराला लागलेल्या असतात, तर जिवाणूंसाठी हवा आतला गाभा. दोन नमुने, दोन नळ्या.

चौथं घड्याळ

शेण पडलं की आतल्या विनाऑक्सिजन जिवाणूंची घुसमट सुरू होते, किंवा उलटं म्हणा, त्यांना हवा बाधते. ते वाढायचे थांबतात. हवा चालणारे, विशेषतः एश्चेरिशिया कोलायच्या कुळातले, भराभर वाढतात. वरून माशा, शेणकिडे, मातीतले जिवाणू, पावसाचे थेंब. म्हणून ताजेपणा म्हणजे एक तास, फार तर दोन. वैशाखात पोवर अर्ध्या तासात साय धरते, तर श्रावणात दुपारपर्यंत तो ताजाच दिसतो. निव्वळ दिसण्यावरून ताजेपणा ठरवला तर पावसाळ्याचे नमुने सरासरीने शिळे निघणार, आणि तो शिळेपणा ‘पावसाळ्यातले जिवाणू’ म्हणून छापला जाणार. जनावर शेण टाकताना दिसलं असेल तरच ‘ताजा’ लिहावं. बाकीच्यांना अंदाजे तास.

सामान साधं आहे: नायट्राइलचे हातमोजे, ऑटोक्लेव्ह केलेल्या लाकडी पट्ट्या (आईस्क्रीमच्या काड्या कागदात गुंडाळून चालतात), स्क्रूच्या झाकणाच्या नळ्या, ९५ टक्क्यांवरचं इथेनॉल, पॅराफिल्म, पेन्सिल. पो पट्टीने मधोमध फोडायचा, मातीला आणि हवेला न लागलेल्या गाभ्यातून तीन ठिकाणांहून थोडं थोडं घ्यायचं. सांबर-चितळाच्या चारपाच लेंड्या घेऊन त्या फोडून आतला भाग. बिबट्याच्या विष्ठेची दोन्ही टोकं सोडायची, केस आणि हाडांचे कपचे टाळायचे. प्रत्येक नमुन्याला नवा हातमोजा, नवी पट्टी. हात जोडून सांगतो, ही काटकसर करू नका.

इथेनॉलचं गणित बहुतेकांचं इथेच चुकतं. ताज्या शेणात जवळपास ८० टक्के पाणी. एक ग्रॅम शेण म्हणजे ०.८ मिली पाणी. त्यावर २ मिली ९५ टक्के इथेनॉल घातलं तर आत १.९ मिली इथेनॉल आणि एकूण २.८ मिली द्रव, म्हणजे ६८ टक्के. सत्तर टक्क्यांच्या आसपासचं इथेनॉल जिवाणूंची यादी नीट टिकवत नाही, हे २०१६ मध्ये वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करून दाखवलंय. ९५ टक्के टिकवतं. एका ग्रॅमला ५ मिली घातलं तर नळीत ८२ टक्के राहतं. म्हणून शेणाच्या किमान पाचपट, आणि नळी गच्च भरायचा मोह नको. दोन मिलीच्या नळीत दीड मिली इथेनॉल आणि पाव ग्रॅम शेण, वाटाण्याएवढं, बस्स. हॅंड सॅनिटायझर आणि सर्जिकल स्पिरिट दोन्ही बाद. गंमत म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून टँकरच्या टँकर इथेनॉल बाहेर पडतं, पण कॉलेजला पाच लिटर शुद्ध इथेनॉल हवं असेल तर उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याची वाट बघावी लागते. अर्ज सहा महिने आधी टाका.

नळीवर मार्करने लिहू नका. इथेनॉलचा एक थेंब सांडला की नाव गेलं. जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती नळीत टाकायची, बाहेर चिकटपट्टीखाली दुसरी. झाकणाला पॅराफिल्म. बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी फ्रीझरला, नंतर उणे ८० अंशांला. घरगुती ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून स्वतःच तापतो, त्यात इथेनॉलशिवायचे नमुने ठेवणं म्हणजे ते पुन्हापुन्हा वितळवणं. लोडशेडिंगचं वेगळं सांगायला नको. इथेनॉलमधले नमुने या दोन्हींत तग धरतात, म्हणूनच आम्ही ते आधी सुचवतो.

दर नमुन्यासोबत मीटरभर अंतरावरची चिमूटभर माती एका नळीत, आणि दिवसातून एकदा एक रिकामी नळी जंगलात उघडून परत बंद करायची. पुढे यादीत एखादा संशयास्पद जिवाणू दिसला की या दोन नळ्याच साक्ष देतात.

आणि हे सगळं परवानगीनंतर. अभयारण्यातून नुसतं शेण उचलायलाही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली परवानगी लागते. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं कार्यालय कोल्हापुरात. मेलेल्या गव्याजवळचा नमुना घ्यायचाच नाही, काळपुळी असू शकते. मांसाहाऱ्यांची वाळकी विष्ठा मास्कशिवाय फोडायची नाही. तिच्यात कृमींची अंडी असतात आणि इथेनॉलने ती मरतील याचा भरवसा नाही.

प्रयोगशाळेत

नळी फिरवून इथेनॉल ओतून टाकायचं, उरलेलं उडू द्यायचं. मग ०.१ मिलिमीटरच्या मण्यांसह जोरात हलवायचं. ही पायरी गाळली तर जाड भिंतीचे ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू फुटतच नाहीत आणि यादीत फक्त नाजूक भिंतीवाले उरतात. शाकाहारी जनावरांच्या शेणातला पाल्याचा अर्क पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची अभिक्रिया) अडवतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २३० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर (२६०/२३०) कमी आलं की तोच संशय. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावला की बहुतेक वेळा चालतं. चालत नाही म्हणून पीसीआरची आवर्तनं वाढवत नेऊ नयेत. पस्तिशीच्या पुढे किटमधलेच जिवाणू वाढायला लागतात.

वाचायचा भाग १६एस आरआरएनए या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या, ओळख पटवणाऱ्या जनुकाचा, सहसा व्ही४ पट्टा, सुमारे अडीचशे अक्षरांचा. याच रेणूच्या आधारे कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किया वेगळे काढले होते. शाकाहाऱ्यांच्या नमुन्यात हरितलवकांचे तुकडेही जिवाणू म्हणून मोजले जातात, ते आधी काढून टाकायचे. हरितलवक मुळात जिवाणूवंशीच, त्यामुळे संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. २०२१ नंतर जिवाणूंच्या संघांची (फायलमांची) नावं बदललीत: फर्मिक्युट्सचं बॅसिलोटा, प्रोटिओबॅक्टेरियाचं सुडोमोनाडोटा. जुने आणि नवे निबंध शेजारी ठेवताना हे लक्षात नसलं तर नसलेला बदल दिसतो.

सगळे मेचे नमुने एका प्लेटमध्ये (९६ कप्प्यांच्या ताटलीत) आणि सगळे ऑगस्टचे दुसऱ्यात, ही चूक इतकी सर्रास होते की चीड येते. किटची बॅच बदलली, काढणारा हात बदलला की यादी थोडी बदलतेच. सगळे हंगाम प्रत्येक प्लेटमध्ये चिठ्ठ्या टाकून मिसळायचे, आणि प्रत्येक प्लेटला शेण न घातलेले दोन रिकामे नमुने नि एक ज्ञात मिश्रण, म्हणजे कोणते जिवाणू किती हे आधीच माहीत असलेलं.

शेवटी हाती येतात टक्के, आणि टक्के फसवतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची १०० आणि बेदाण्याची १०० पोती आहेत असं समजा. दुसऱ्या दिवशी बेदाण्याची २५ उरली. हळदीचा वाटा ५० वरून ८० टक्क्यांवर गेला, पण हळदीचं एक पोतंही वाढलेलं नाही. जिवाणूंच्या यादीत ‘अमुक वाढला’ असं लिहिण्याआधी क्यूपीसीआरने (प्रती किती झाल्या हे मोजणाऱ्या पीसीआरने) एकूण संख्या मोजलेली असावी, निदान जिवाणूंच्या एकमेकांशी असलेल्या गुणोत्तरांचे लॉग (लॉगरिदम) घेऊन हिशेब केलेला असावा. आणि विविधता घटली म्हणजे जनावर आजारी, हे समीकरण डोक्यातून काढावं. बिबट्याच्या आतड्यात गव्यापेक्षा कमी प्रकार असतात, ते आखूड आतड्याचं आणि मांसाचं लक्षण आहे.

ऊस, प्रसाद आणि सुबाभूळ

माणसाने आणलेले बदल वेगळे मोजावे लागतात, कारण ते झटक्यात येतात. उसाच्या वजनात दहा ते चौदा टक्के साखर. पाल्यावरचं कोठीपोट एकदम त्यावर आलं तर स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस बेसुमार वाढतो, लॅक्टिक आम्ल साठतं, पीएच साडेपाचच्या खाली जातो आणि तंतू फोडणारे जिवाणू मरतात. गोठ्यातल्या जनावराने धान्याच्या पोत्यात तोंड घातल्यावर जे होतं तेच. हळूहळू सवय झाली तर दोन-तीन आठवड्यांत जिवाणूंची मांडणी नव्या चाऱ्याशी जुळते. म्हणून शिराळ्याच्या शिवारात रोज उतरणारा गवा आणि एकदाच चुकून आलेला गवा यांना एका रकान्यात घालू नये.

देवस्थानांच्या पायऱ्यांवर चुरमुरे, केळी, वेफर्स वाटणाऱ्यांना वानर आणि माकड सारखंच वाटतं. लाल तोंडाच्या माकडाचं पोट साधं, आपल्यासारखं. काळ्या तोंडाच्या वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं आणि पाला आंबवणारं, म्हणजे जवळपास कोठीपोटच. केळं माकडाला निभतं, वानराच्या पोटात मात्र तोच आम्लाचा प्रकार होऊ शकतो. वानराचाच नातलग असलेल्या व्हिएतनामच्या डूक माकडांत प्राणिसंग्रहालयात गेल्यावर मूळचे जिवाणू लोपून माणसासारखे प्रिव्होटेला आणि बॅक्टेरॉइडीस वाढल्याचं २०१६ मध्ये दिसलं. अर्धवट पाळीव असलेली मधोमध होती.

बांधाबांधावरच्या सुबाभळीची गोष्ट मात्र उलटी आहे. तिच्यात मायमोसिन असतं. ते आणि त्यापासून पोटात होणारा पदार्थ यांमुळे जनावराचे केस झडतात, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियातली गुरं यामुळे आजारी पडायची, हवाईतल्या बोकडांना मात्र काही व्हायचं नाही. १९८० च्या दशकात रेमंड जोन्स यांनी हवाईतल्या बोकडांच्या कोठीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांत घातले आणि आजार थांबला. त्या जिवाणूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्साय हे नाव मिळालं. एका कळपात घातला की तो चरता चरता एकातून दुसऱ्यात पसरतो. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभ्या राहिलेल्या सागरेश्वरातलं चितळ उद्या चांदोलीत सोडलं, तर त्याच्यासोबत त्याच्या पोटातले असे कामाचे जिवाणूही जातील, आणि तिथे लागणारे काही त्याच्याकडे नसतील. सोडण्याआधी तिथलाच पाला तीन आठवडे हळूहळू वाढवत घालणं, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

किती नमुने?

ओळखता येणारी १२ जनावरं, वर्षाचे तीन हंगाम, प्रत्येक हंगामात वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने, दोन वर्षं: २१६ नमुने. दोन वर्षं कशाला, असं दर वेळी विचारलं जातं. एका वर्षात पावसाळा एकच येतो, आणि तो कसाही येऊ शकतो. एका पावसाळ्यातून दोनशे नमुने घेतले तरी पावसाळा एकच राहतो. पैसे कमी असतील तर जनावरं आठ करा, हंगामाचे नमुने दोन करा, होतात ९६. वर्षं मात्र दोनच ठेवा. ९६ कप्प्यांच्या प्लेटमध्ये ते बरोब्बर बसतात असं वाटेल, पण रिकाम्या नमुन्यांना जागा उरत नाही, म्हणून दोन प्लेटा धरा आणि दोन्हींत सगळे हंगाम मिसळा.